शरीराची साक्ष

‘खाई त्याला खवखवे’ ही म्हण आपण सर्वच वापरतो. तिच्यात एक छोटेसे न्यायशास्त्र दडलेले आहे. चोरून कोणी खाल्ले याचा तपास करण्याचे कारण नाही, साक्षीपुरावे गोळा करण्याचेही कारण नाही. ज्याचा घसा खवखवेल त्यानेच खाल्ले असे खुशाल समजावे, असा तो सोपा न्याय आहे. जीभ खोटे बोलेल, पण अंग खोटे बोलणार नाही, हा त्यामागील विश्वास. आजकाल घरोघरी हा न्याय नव्या जोमाने चालविला जात असलेला दिसतो, आणि त्याच्यापुढे आरोपी म्हणून उभी असतात ती १३ ते १९ वर्षांची मुले. सकाळी मुलाचे डोळे तांबारलेले दिसले, आंघोळीस जावयास त्याला तीन वेळा सांगावे लागले, मुलीने अंगठा चोळीत मनगट दुखत असल्याची तक्रार केली, की घरातील वडील माणसे एकमेकांकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहतात. निकाल तेथेच लागलेला असतो: मुलास इंटरनेटचे व्यसन लागले!

या खुणा खोट्या आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. त्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्याकडे डोळेझाक करणे हा मोठाच अविचार होईल. आमचा प्रश्न निराळा आहे. शरीराने दिलेली साक्ष खरी मानली, तरी ती नेमकी कशाविषयीची साक्ष आहे? आणि तिच्या आधारे मुलास दोषी ठरविण्याचा अधिकार वडील माणसांस कितपत पोहोचतो? वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा दिसतो. वस्तुतः तो नीतीचा आहे.

प्रथम त्या खुणांचाच विचार करू. डोळ्यांपासून आरंभ करणे सोयीचे. स्वस्थ मनुष्य एका मिनिटात साधारणतः १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. प्रत्येक मिटण्याबरोबर अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर पसरतो आणि डोळा ओला राहतो. पडद्याकडे टक लावून पाहू लागताच हे प्रमाण निम्म्यावर, कधी एकतृतीयांशावर येते. अश्रूंचा थर सुकतो, डोळा चुरचुरतो, लाल होतो, आणि मूल तो चोळू लागते. दुसरी खूण मानेची. माणसाचे डोके सुमारे ५ किलो वजनाचे असते. ते कण्यावर सरळ तोलले असेल तोवर मानेस त्याचा भार जाणवत नाही. पण डोके पुढे झुकू लागले की तोच भार वाढत जातो. केनेथ हंसराज या न्यूयॉर्कच्या शल्यविशारदाने २०१४ साली गणिताने असे दाखविले की, मान ६० अंशांनी वाकली असता तिच्यावरील ताण सुमारे २७ किलोंइतका होतो. पोत्यातील धान्याचे एवढे वजन कोणी आपल्या मुलाच्या मानेवर तासन्‌तास ठेवू देणार नाही.

तिसरी खूण अंगठ्याची. अंगठा उचलणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. एकच हालचाल हजारो वेळा झाली की ते आवरण सुजते आणि अंगठा हलविताना कळ येते. फ्रिट्झ द केर्व्हां या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली या विकाराचे वर्णन केले, आणि आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. परंतु त्याच्याही पूर्वीपासून इंग्लंडात त्यास धोबिणींची लचक म्हणत असत. कारण दिवसभर कपडे पिळणाऱ्या बायकांच्या मनगटास तो जडे. तान्ह्या मुलास वारंवार उचलून घेणाऱ्या आयांसही तो होतो. या गोष्टीकडे आम्हांस पुन्हा वळावयाचे आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

चौथी आणि सर्वांत गंभीर खूण झोपेची. १३ ते १८ वर्षांच्या मुलास दररोज ८ ते १० तास झोप हवी, असे निद्राविकारांचे तज्ज्ञ सांगतात. रात्री १ वाजेपर्यंत हातात मोबाइल असलेल्या आणि सकाळी ६ वाजता शाळेसाठी उठणाऱ्या मुलास ती मिळत नाही, हे सांगावयास तज्ज्ञ नको. पडद्याचा निळसर प्रकाश मेंदूस अद्याप दिवसच आहे असे भासवितो आणि झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या द्रव्याचा पाझर लांबवितो. प्रकाशापेक्षाही पडद्यावर चाललेल्या गोष्टींची उत्तेजना अधिक जागविते. मग दिवसा डोके दुखणे, वर्गात पेंग येणे, जेवणाच्या वेळा चुकणे, चिडचिड करणे ही सर्व तिची संतती. याखेरीज दूरचे नीट न दिसणे ही खूण आहेच. घराबाहेरचा उजेड मुलांच्या दृष्टीचे रक्षण करतो, हे आता चांगले सिद्ध झाले आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांस दररोज १२० मिनिटे उघड्यावर घालविण्यास लावणारा उपक्रम हाती घेतला, तो याच कारणाने.

अशा या खुणा. त्या पाहून आईबापांच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. आता पुढील पायरी. शंकेवरून निर्णयावर जाता येते काय?

या प्रश्नाचा विचार आपल्याकडे फार पूर्वी आणि फार काळजीपूर्वक झालेला आहे. साक्षीदार खोटा आहे हे कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, याची यादी याज्ञवल्क्यस्मृतीत दिली आहे. जो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांच्या कडा चाटतो, ज्याच्या कपाळास घाम येतो, तोंडाचा रंग बदलतो, बोलणे अडखळते, तो दुष्ट समजावा, असा तिचा आशय. परंतु या स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने तेथेच वाचकास थांबविले आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत कल्याणी येथे लिहिणारा हा पंडित म्हणतो की, या लक्षणांवरून दोषाची केवळ शक्यता दिसते, दोषाचा निश्चय होत नाही. कारण विकार स्वाभाविक कोणता आणि निमित्ताने उत्पन्न झालेला कोणता, याचा विवेक करणे अतिशय अवघड आहे. कोणास स्वभावतःच घाम अधिक येतो, कोणी सभेत उभे राहताच गांगरतो. एवढ्यावरून तो लबाड ठरत नाही.

आपल्या आजच्या न्यायालयांनीही ही जपणूक सोडलेली नाही. आरोपीकडून अंगठ्याचा ठसा घेणे म्हणजे त्यास स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडणे होय काय, हा प्रश्न १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांपुढे आला होता. ठसा ही साक्षच नव्हे, ती केवळ तुलनेसाठी घेतलेली वस्तू होय, असे न्यायालयाने ठरविले. पुढे २०१० साली, नाडी, श्वास आणि घाम मोजून मनुष्य खरे बोलतो की खोटे हे सांगणारी चाचणी त्याच्या संमतीवाचून करता येणार नाही, असाही निर्णय झाला. अंग स्वतः होऊन काही सांगत नाही. त्याचा अर्थ आपण लावतो, आणि अर्थ लावणारा चुकू शकतो, एवढा बोध या दोन्ही निर्णयांतून आमच्यासारख्या सामान्य माणसाने घेण्यास हरकत नसावी. दरोड्याच्या आरोपीस जी सावधगिरी मिळते, ती आपल्याच घरातील मुलास का मिळू नये?

नैयायिकांच्या भाषेत सांगावयाचे तर धुरावरून अग्नीचे अनुमान करणे योग्य. पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणणे चुकीचे, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. जे कारण सांगितले ते साध्यास सोडून इतरत्रही आढळत असेल, तर त्या हेतूस ते सव्यभिचार म्हणतात. लाल डोळा, वाकलेली मान, दुखरा अंगठा हे सर्व असेच सव्यभिचार हेतू आहेत. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारा मुलगा दिवसाचे ८ तास पडद्यावरील शिकवणी पाहत असेल, तर त्याचेही डोळे लालच होतील. पण तेव्हा आपण ‘किती अभ्यास करतो बिचारा’ असे म्हणून त्याला दूध नेऊन देतो. तोच मुलगा त्याच पडद्यावर तेवढाच वेळ खेळ खेळला, तर डोळ्यांचा रंग तोच राहतो आणि आपला शब्द बदलतो.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करतो. पूर्वी कागदांच्या फाइली होत्या, त्या गेल्या काही वर्षांत ई-ऑफिसच्या रूपाने पडद्यावर आल्या. सकाळी ९ पासून सायंकाळी ५॥ पर्यंत पडद्याकडे पाहिल्यानंतर आमच्याही डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, मान आखडते, मनगट ठणकते. सरकारी दवाखान्यात दाखविले असता डॉक्टर थेंब लिहून देतात आणि कामाचा ताण म्हणतात. व्यसन म्हणत नाहीत. बर्नार्डिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत लेखनिकांच्या रोगांचे एक प्रकरण जोडले होते. सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण, ही तीन कारणे त्याने सांगितली. त्या प्रकरणातील लेखनिकाच्या जागी मोबाइलवर झुकलेला मुलगा बसविला, तर वर्णनातील फारच थोडे शब्द बदलावे लागतील. धोबिणीच्या मनगटाचीही तीच गोष्ट. तिच्या अंगठ्यास कळ येई तेव्हा तिला कपड्यांचे व्यसन लागले असे कोणी म्हटले नाही. शरीर श्रम मोजते. श्रमाचा हेतू ते जाणत नाही. हेतूवर निर्णय द्यावयाचा आणि पुरावा मात्र शरीराचा दाखवावयाचा, ही सरमिसळ आपण करतो.

हे ध्यानी घेतले म्हणजे एका गोष्टीचे नवल वाटेनासे होते. इंटरनेटच्या व्यसनाची कल्पना आरंभी थट्टेतून जन्मली. इव्हान गोल्डबर्ग या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञाने १९९५ साली रोगांच्या जाडजूड सूचीची टर उडविण्यासाठी हा रोग कल्पिला, आणि बोटे आपोआप टंकलेखनासारखी हलू लागणे हे शारीरिक चिन्हही गमतीने त्याच्या लक्षणांत घातले. पुढे किंबर्ली यंग प्रभृतींनी या विषयाचा गंभीरपणे अभ्यास केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीची जी अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आली, तिच्यात खेळांच्या अतिरेकास विकार म्हणून स्थान मिळाले आहे. त्या विकाराची तीन गमके दिली आहेत. खेळण्यावर स्वतःचा ताबा न राहणे, जीवनातील इतर सर्व गोष्टींपुढे खेळ येणे, आणि हानी दिसत असूनही खेळ चालू राहणे अथवा वाढणे. आणि हे सर्व साधारणपणे १२ महिने दिसावे. या गमकांत लाल डोळा नाही, वाकलेली मान नाही, दुखरा अंगठा नाही. वैद्य जे मान्य करीत नाहीत ते आपण स्वयंपाकघरात उभ्याउभ्या ठरवून मोकळे होतो.

येथे व्यसन या शब्दाकडे जरा निरखून पाहावयास हवे. मराठीत आज त्याचा अर्थ वाईट सवय एवढाच उरला आहे. संस्कृतात मात्र त्याचे दोन अर्थ नांदत होते, दुर्गुण आणि संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयी आहे. त्यात राजाच्या मृगयेचा, द्यूताचा आणि मद्याचा विचार जसा आहे, तसाच अग्नी, पूर, रोगराई आणि दुष्काळ यांचाही आहे. जे माणसास त्याच्या कल्याणापासून दूर फेकते ते व्यसन, अशी त्याची व्युत्पत्ती; मग फेकणारा हात त्याचा स्वतःचा असो की दैवाचा. मनुस्मृतीत राजाची १८ व्यसने मोजली आहेत. त्यांत दिवसा झोपणे हेही एक आहे. आजच्या पेंगणाऱ्या विद्यार्थ्यास ते लागू करण्याचा मोह होईल. पण ती यादी राजासाठी आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याच्यावर कोणाची सत्ता चालत नाही, ज्याने कधी उठावे आणि कधी निजावे हे सांगणारा कोणी नाही, त्याच्यासाठी ती आहे. दहावीतील मुलगा राजा नसतो. त्याने कोणत्या गावी राहावे, कोणत्या शाळेत जावे, किती वाजता उठावे, हे सर्व दुसऱ्यांनी ठरविलेले असते.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांस तर हे विशेष जाणवावे. बदलीचा हुकूम येतो आणि नागपुरात वाढलेला १४ वर्षांचा मुलगा एका जूनमध्ये जबलपूरच्या अथवा भोपाळच्या वर्गात जाऊन बसतो. वर्गातील थट्टामस्करी त्याला अर्धीच समजते. क्रीडांगणावर संघ आधीच ठरलेले असतात. त्याचे चार जिवलग मित्र नागपुरात आहेत, आणि रात्री ९ नंतर ते ज्या एका जागी भेटतात ती जागा त्याच्या मोबाइलमध्ये आहे. आजीचा आवाज त्याच यंत्रातून येतो. आईबापांपलीकडे त्याच्या कानी पडणारी मराठी बहुधा तेवढीच. असा मुलगा मध्यरात्रीपर्यंत पडद्यास चिकटून राहिला आणि सकाळी डोळे चोळीत उठला, तर त्याच्या डोळ्यांची लाली व्यसनाची खूण आहे हे आम्ही मान्य करू. परंतु कोणत्या अर्थाच्या व्यसनाची? दुर्गुणाच्या की संकटाच्या? त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला तर लाली जाईल; एकटेपणा मात्र तसाच राहील, किंबहुना वाढेल.

चरकसंहितेत रोगांची कारणे तीन सांगितली आहेत. पहिले, इंद्रियांचा विषयांशी अयोग्य संयोग. अति झगझगीत वस्तू फार वेळ पाहणे हा डोळ्यांचा अतियोग, मुळीच न पाहणे हा अयोग, आणि फार जवळून, फार दुरून अथवा भयंकर आणि बीभत्स असे काही पाहणे हा मिथ्यायोग. दोन सहस्र वर्षांच्या आसपासचे हे वर्णन वाचताना ते आजच्या मोबाइलविषयीच लिहिले आहे की काय असा भास होतो; कारण झगझगीत, अति जवळचे आणि पुष्कळदा बीभत्स, असे सर्व काही तेथे एकत्र असते. तिसरे कारण परिणाम, म्हणजे काळ. आमच्या प्रश्नाचा गाभा आहे तो मधल्या कारणात. ते म्हणजे प्रज्ञापराध. बुद्धी, धृती आणि स्मृती भ्रष्ट झाल्यामुळे मनुष्य जे अहितकारक कर्म करतो तो प्रज्ञापराध. धृती म्हणजे अहिताकडे धावणाऱ्या मनास आवरून धरणारी शक्ती.

आता विचार करावा, की हा अपराध कोणाचा? ज्याची प्रज्ञा परिपक्व झाली आहे त्याच्याकडूनच प्रज्ञेचा अपराध घडू शकतो. मेंदूचा पुढचा भाग, ज्यावर हे आवरून धरण्याचे काम अवलंबून असते, तो पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो. शिवाय वयात येणाऱ्या मुलांच्या झोपेचे घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकते, असे अमेरिकेतील मेरी कार्स्कॅडन आणि त्यांचे सहकारी यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. कॅलिफोर्निया राज्याने तर २०२२ पासून तेथील मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी ८॥ च्या आत भरवू नयेत असा कायदाच अंमलात आणला. म्हणजे उशिरा झोपण्याचा थोडा भाग वयाचा, थोडा शाळेच्या घंटेचा, आणि उरलेला मोबाइलचा. विज्ञानेश्वराने सांगितलेला स्वाभाविक आणि नैमित्तिक यांतील विवेक येथे प्रत्यक्ष उभा राहतो.

दुसरीकडे, ज्यांची प्रज्ञा परिपक्व आहे त्यांनी काय केले? पान संपले की वाचक थांबतो, हा ग्रंथांचा जुना नियम. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने पडद्यावरील पान कधी संपूच नये अशी योजना काढली. पुढे त्यांनीच तिच्याविषयी जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. परंतु तोवर ती जगभर पसरली होती, आणि आजही लक्षावधी मुलांचे अंगठे तीच हालचाल करीत आहेत. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्या मुलांच्या हातात मोबाइल देण्यास घरे नाखूश होती त्यांच्याही हातात शाळेने तो आग्रहाने दिला. त्या वेळी दुसरा उपाय नव्हता, हे खरे. पण शाळा उघडल्यावर यंत्र परत घेताना आपण त्या मुलांशी काय बोललो? आणि आईबाप स्वतः? जेवणाच्या पाटावर उजवा हात भातात आणि डावा मोबाइलवर, हे दृश्य केवळ मुलांपुरते मर्यादित नाही. मुलाची मान वाकली आहे हे पाहावयास बापाने आधी स्वतःची मान वर करावी लागते.

यावर कोणी म्हणेल की, असे बोलून तुम्ही मुलास सर्व जबाबदारीतून मोकळे करता. तसे मुळीच नाही. १५ वर्षांचा मुलगा म्हणजे काही मातीचा गोळा नव्हे. आपण झोपलो नव्हतो हे त्याला ठाऊक असते, आणि झोपलो होतो असे तो सांगतो तेव्हा तो खोटे बोलतो हेही त्याला ठाऊक असते. त्या खोट्याचा जाब त्याला विचारावा. त्याची धृती वाढावी म्हणूनच तो विचारावा. कारण जबाबदारी टाकल्यावाचून धृती वाढत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, जबाबदारी वयाच्या आणि सत्तेच्या प्रमाणात वाटली जावी. घरात सर्वांत कमी सत्ता ज्याची, त्याच्या माथी सर्वांत मोठा दोष, हा हिशेब कोणत्याही नीतिशास्त्रात बसणार नाही.

मग या खुणांचे करावयाचे काय? त्या वाचाव्यात, हेच आमचे उत्तर आहे. मात्र वाचण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याची. तो मूल झोपल्यावर त्याचा मोबाइल उघडतो, त्याच्या नकळत त्याच्यावर पाळत ठेवणारी योजना त्यात बसवितो, आणि सकाळी त्याच्या डोळ्यांतील लाली पुरावा म्हणून पुढे ठेवतो. या रीतीने माहिती मिळते, परंतु मूल एक नवी विद्या शिकते. ते आपल्या शरीरासही लपविण्यास शिकते. डोळे धुऊन येते, डोकेदुखी सांगत नाही, मनगटाची कळ सोसते. ज्या शरीराने वेळीच हाक द्यावयाची, त्याचेच तोंड अशा रीतीने बंद होते, आणि खरोखरी गंभीर विकार जडला तर तो फार उशिरा कळतो. हा व्यवहाराचा तोटा झाला. नीतीचा तोटा याहून मोठा आहे. आपले दुखणे घरात सांगितले तर ते आपल्याविरुद्ध वापरले जाईल, असे ज्या घरातील मुलास वाटते, त्या घराने मुलाचा मोठाच आधार काढून घेतला असे म्हणावे लागेल.

दुसरी रीत वैद्याची. आयुर्वेदाने रोगज्ञानाच्या साधनांत उपशय नावाचे एक साधन सांगितले आहे. लक्षणांवरून रोग कळत नसेल तेव्हा आहारविहारात बदल करून पाहावा, आणि कशाने बरे वाटते त्यावरून रोग ओळखावा. घरातही हे करता येण्याजोगे आहे. मुलास सांगून, त्याच्या संमतीने, आठ दिवस सर्वांचेच मोबाइल रात्री ९ नंतर बैठकीतील एका कपाटात ठेवावेत. सायंकाळी त्याच्याबरोबर तासभर बाहेर हिंडावे. डोळ्यांची आग थांबली, झोप आली, भूक सुधारली, तर दुखणे सवयीचे होते आणि ते निघून जाईल. डोळे निवळले पण चेहरा तसाच उतरलेला राहिला, तर दुखणे दुसरेच आहे आणि त्याची चौकशी प्रेमाने करावयास हवी. आणि तेवढाही दुरावा मुलास सोसवेना, शाळा, जेवणखाण, मैत्री ही सर्व महिनोन्‌महिने सुटत चालली असतील, तर संकोच न बाळगता जाणत्या वैद्याकडे जावे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्थेत, म्हणजे निम्हान्समध्ये, अशा मुलांसाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचारकेंद्र आहे.

सर्वांचेच मोबाइल, असे आम्ही मुद्दाम म्हटले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक प्रयोग सुरू केला. सायंकाळी ७ वाजता देवळावरील भोंगा वाजे, आणि ८॥ पर्यंत घरोघरचे दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद राहत. मुले पुस्तक घेऊन बसत, मोठी माणसे एकमेकांशी बोलत. या प्रयोगाची पुष्कळ वाखाणणी झाली, पण तिच्यात एक गोष्ट फारशी बोलली गेली नाही. भोंगा सर्वांसाठी वाजत असे. त्यात आरोपी कोणी नव्हता. मुलाने मोबाइल ठेवला तेव्हा बापानेही ठेवला, आणि म्हणून मुलास तो ठेवणे ही शिक्षा वाटली नसावी.

शरीराची साक्ष आम्ही नाकारीत नाही. ती ऐकण्याची आपली पद्धत मात्र सुधारावी असे आमचे मत आहे. लाल डोळा एवढेच सांगतो की येथे काहीतरी सोसले जात आहे. कोणी सोसावयास लावले, का लावले, त्यात सोसणाऱ्याचा वाटा किती, हे शोधण्याचे काम ज्याचे डोळे निवळ आहेत त्याचे आहे. मुलाच्या अंगावर उमटलेली खूण पाहून ज्या आईबापांस प्रथम राग येतो, त्यांनी त्या रागास क्षणभर थांबवून एवढेच विचारावे, की हेच डोळे तापाने लाल झाले असते तर आपण काय केले असते? कपाळावर हात ठेवला असता. तो हात आताही ठेवावा. मुलगा कदाचित तो झिडकारील. या वयात मुले झिडकारतातच. तरी ठेवावा, आणि मग काय विचारावयाचे ते विचारावे.